कुंपणापल्याडचं हरीण

काल सकाळी मी अंगणात दात घासत होतो आणि तट्ट्याच्या कुंपणापलीकडे काकाजी फोनवर ओरडत होते, "अरे पोट्ट्या, हरीण मारायचं तर दुर्बीण मंग पाय, आधी तिच्या रिंगा पाय!" मला ठसकाच लागला. आमच्या मूल गावच्या या गल्लीत तिसरं घर वनखात्याच्या बीटगार्डचं. काकाजींचा आवाज हाका घालणाऱ्याचा. बांबूचा तट्टा तो काय अडवणार?

"हळू बोला जी," मी चूळ भरून कुंपणाशी गेलो. "हरीण मारायच्या गोष्टी करता सकाळी सकाळी. जायचं आहे का आत?"

"आपलं नाही गा, अमेरिकेतलं हरीण!"

मग उलगडा झाला. पुतण्या विस्कॉन्सिनात असतो. ग्रीन कार्ड झालं, घर झालं, आता गोऱ्या शेजाऱ्याच्या नादाने शिकारीचा परवाना. हाच पोट्टा पोळ्याच्या पाडव्याला कोंबडी कापताना गोठ्यात लपायचा, ही माहिती काकूंनी तट्ट्याच्या फटीतून पुरवली. तिकडे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो म्हणे. अंगात भडक नारिंगी घालावं लागतं, 2016 पासून गुलाबीही चालतं. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो.

"पाहा बाप्पा," काकाजी म्हणाले, "इकडे 72 ले वन्यजीवांचा कायदा आला. शिकारीचे उरलेसुरले परवाने 91 च्या दुरुस्तीनं गेले. तिकडे 73 चे पोरं वर्गात बसून हरीण मारायले शिकते."

काकाजींना यातलं कळतं, हे मात्र खरं. घरची मालगुजारी 1951 ला गेली, गावाला माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव उरले आणि काकाजींच्या वडिलांकडे ईशापूरच्या कारखान्याची .315 रायफल. .303 फौजेची म्हणून लोकांना बंद, म्हणून ही. साठच्या दशकात परवाना काढून शिकारीचे ब्लॉक घेता यायचे. तेव्हा एक पाहुणा विलायती रायफल आणि तिच्यावर चकचकीत दुर्बीण घेऊन आला होता. साठ पावलांवर चितळ उभं, आणि गोळी गेली मोहाच्या बुंध्यात! पाहुण्याने चितळाला शिव्या घातल्या, मग हाक्यावाल्यांना. संध्याकाळी दहा वर्षांच्या काकाजींना जीपच्या फळीवर एक बारीक स्क्रू सापडला. चंद्रपूरपासूनच्या धक्क्यांनी दुर्बिणीचं बूड सुटलं होतं.

"तेव्हापासून मले काचेचं कौतुक नाही. लोक काचेले पन्नास हजार घालते आणि तिले बंदुकीवर धरणाऱ्या रिंगा घेते फुटपाथवरच्या. दोन रिंगांत चार-पाच इंचाचं अंतर. एक रिंग केसाएवढी सरकली तर शंभर मीटरवर गोळी तीन बोटं बाजूले. हरीण पळते, पण जखमी होऊन. ते पाप कोणाचं?"

पुतण्याचा घोळ वेगळाच होता. दुर्बिणीची नळी 30 मिलिमीटरची आणि रिंगा मागवल्या एक इंचाच्या. त्यात उंच, का तर उंच दिसायला भारी. काकाजी खवळले. रिंग जेवढी ठेंगणी तेवढी बरी. पुढची भिंगाची वाटी बंदुकीच्या नळीला टेकू नये आणि बोल्टचा दांडा उचलताना अडू नये, एवढीच उंची. उंच बसवली की गाल कुंद्यावरून सुटतो आणि मान बगळ्यासारखी होते. डोळा भिंगापासून तीन-चार इंच मागे हवा, नाही तर धक्का बसला की भुवईवर चंद्रकोर उमटते. "ती तुझ्या काकूले शोभते, तुले नाही," हेही सांगून झालं.

स्क्रू आवळायचे कसे, यावर पाऊण तास गेला. ट्रॅक्टरचा नट नाही तो. साधारण 15 ते 20 इंच-पौंड, पान्यावर आकडा पाहून, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. खालच्या पट्टीच्या स्क्रूला डिंकासारखं औषध लावायचं, रिंगांना नाही.

"तुमची .315 असती तर बसवली असती का दुर्बीण?" मी विचारलं.

"कायले? तिले भोकं पाडावी लागते, ते परवानावाल्या कारागिराचं काम. आणि मारायचं काय? रोही न् डुकराची परवानगी मिळते, तीही अर्ज करून. वडिलांमागं देऊनच टाकली. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेवाल्याले वनखात्याकडं नाव नोंदवा लागते. अंधारी अभयारण्य 86 ले झालं तेव्हा आमची धावपळ पाहिली असती तुम्ही! वरून दर निवडणुकीले ठाण्यात जमा. आता डब्बा वाजवतो."

हे खरं. धान कापून पुंजणे रचले आहेत आणि काकाजी रोज रात्री पत्र्याचा डबा बडवत शेतात फिरतात. डुकरांना त्याचं काही वाटत नाही. झोप आमचीच उडते.

इतक्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. रिंगा बदलून घेतल्या होत्या. आता दुर्बिणीतली उभी रेघ सरळ बसली की नाही ते पाहायचं, नाही तर लांबचा नेम तिरपा जातो. काकाजींनी उपाय सांगितलाच होता: ओळंबा टांग आणि रेघ त्याच्या दोरीशी जुळव. पोट्ट्याने फोन फिरवून दाखवला. तळघराच्या छताला पांढरा दोरा, त्याच्या टोकाला काहीतरी पिवळंधमक डुलत होतं.

"शाब्बास!" काकाजी म्हणाले. "जड आहे ना? हलू देऊ नको."

काकूंनी काकाजींच्या हातातला फोनच ओढून घेतला. डोळे बारीक केले.

"अहो, हा तर माझा पितळेचा गडवा! पूजेचा! जाताना मी बॅगेत घालून दिला होता. ए पोट्ट्या, आधी तो गडवा उतरव!"

तिसऱ्या घराचं दार उघडलं. बीटगार्ड बनियनवरच बाहेर आला होता. "काय झालं हो काकू, बिबट आला का?"