एक देश, एक घड्याळ

दिब्रुगड आणि द्वारकेत रेखांशांचं अंतर 26 अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबात पावणेदोन तास. सरकारी हिशेबात शून्य. जूनमध्ये दिब्रुगडला सव्वाचारला सूर्य उगवतो आणि कचेरीच्या कुलपाकडे पाहत बसतो. डिसेंबरात साडेचारच्या आतच दिवे लागतात. जानेवारीतल्या द्वारकेत साडेसात वाजले तरी सूर्याचा पत्ता नाही. वेळा दोन केल्या तर म्हणे देश दुभंगेल. पण आसामातले चहाचे मळे पिढ्यानपिढ्या तासभर पुढचा ‘बागान टाइम’ पाळताहेत, आणि मुंबईने तर 1955 पर्यंत 39 मिनिटं मागची स्वतःची वेळ चालवली. गाड्या आदळतील, ही भीती त्यातल्या त्यात वजनदार. तरी त्या काळीही शहराचं घड्याळ एक आणि रेल्वेचं दुसरं असून गाड्या धावतच होत्या. बिनतोड आक्षेप एकच उरतो: दिल्लीहून निघालेल्या फायलीचा उशीर मोजायचा कुठल्या वेळेने?