डावी कोणाची?

माणसाला हुकूम सोडणं सोपं असतं, कारण अर्धवट हुकूमही तो आपल्या पदरचं घालून पुरा करून घेतो. उभी हयात मी एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होतो आणि टिपणीखाली "योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहून सही ठोकण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. योग्य म्हणजे काय, कार्यवाही कोणी करायची, कधीपर्यंत, असं एकाही कनिष्ठाने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याची बदली झाली असती, पण तो भाग निराळा.

या वाक्याला भीक न घालणारा कर्मचारी मला तोक्योत भेटला. लेकीच्या घरी, जमिनीवर. लांबी-रुंदी सव्वा इंच, रंग पांढरा, खाली दोन चाकं, हुद्दा काही नाही.

लेक-जावई राहतात एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला. तोक्योतल्या भारतीयांची ही पेठच म्हणायची. 2000 साल उजाडताना जगभरचे संगणक तारखा चुकवतील अशी हूल उठली होती. त्या सुमारास आलेल्या आपल्या इंजिनिअर मंडळींनी इथे बिऱ्हाडं थाटली आणि मागोमाग हिंग, पोहे, कढीपत्ता आला. 2019 साली तर आपले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले. तेव्हा परदेशात आल्यासारखं वाटावं म्हणून मला मुद्दाम स्टेशनावरच्या पाट्या बघत उभं राहावं लागतं.

तर तो ठोकळा. प्लेस्टेशनवाल्या सोनीने 2019 मध्येच 'तोइओ' नावाचं खेळणं बाजारात आणलं, त्यातला हा. त्याच्यासोबत एक चित्रांचं पुस्तक येतं आणि हुकमांची कार्डं येतात. पुस्तकाच्या पानावर कोडं असतं : इथून निघायचं, अडथळे चुकवायचे, तिथे पोचायचं. आपण 'पुढे', 'डावीकडे', 'उजवीकडे' अशी कार्डं ओळीने मांडायची. ठोकळा आधी त्या कार्डांवरून चालत जातो आणि एकेक हुकूम वाचून घेतो. त्याच्या पोटाखालचा डोळा कागदावर छापलेल्या बारीक खुणा ओळखतो. मग पुस्तकावर येऊन वाचलेलं सगळं जसंच्या तसं करतो. फाईल पूर्ण वाचून मगच कामाला लागणारा कर्मचारी मी प्रथमच पाहत होतो, त्यामुळे सुरुवातीला माझं मत अनुकूल होतं.

नातू म्हणाला, "आजोबा, हे पान तुम्ही करा." मी कार्डं मांडली. पुढे, पुढे, डावीकडे, पुढे. ठोकळा निघाला, वळला, आणि बरोबर उलट्या दिशेला जाऊन पुस्तकाच्या कडेशी थांबला.

"हा उजवीकडे गेला," मी म्हणालो.

"नाही आजोबा, तो डावीकडेच गेला. त्याच्या डावीकडे."

"हुकूम कोणाचा? माझा. मग डावीही माझी."

"पण त्याचं तोंड तुमच्याकडे होतं ना!"

"मग त्याने आधी विचारायचं!"

नातवाने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की क्षणभर मला वाटलं आता माझीच बदली होणार. "तो विचारत नसतो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुम्ही त्याच्या जागी उभं राहून बघायचं असतं." आजही माझं स्पष्ट मत आहे की वरिष्ठाने कनिष्ठाच्या जागी उभं राहून बघणं हा पायंडा चांगला नाही. असे पायंडे पडले तर कचेऱ्या चालायच्या कशा?

ही नसती विद्या पोराने कुठून उचलली, याचा तपास केला तेव्हा कळलं की खुद्द सरकारच सामील आहे. एप्रिल 2020 पासून जपानच्या प्राथमिक शाळांत प्रोग्रॅमिंग सक्तीचं झालं. त्यासाठी वेगळा तास नाही, वेगळं पुस्तक नाही. गणितात आणि विज्ञानातच ते मिसळलं आहे. शिक्षण मंत्रालय म्हणतं, पोरांनी संगणकाची भाषा पाठ करायला नको; काम कुठल्या पायऱ्यांनी होईल, हे नीट मांडता आलं म्हणजे झालं. पाचवीच्या गणितात मुलं संगणकाला हुकूम देऊन सुसम बहुभुज काढतात. आमचा नातू पाचवीतच आहे. त्याला षट्कोन काढायचा होता. पडद्यावर एक मांजर, ते चालतं तिथे रेघ उमटते. "सहा वेळा : चाल, मग वळ." किती अंशांनी?

"एकशेवीस," मी म्हणालो. षट्कोनाचा आतला कोन 120 अंशांचा, हे आमच्या मास्तरांनी छडीच्या साहाय्याने शिकवलेलं आहे.

मांजर सहा वेळा चाललं, सहा वेळा वळलं, आणि त्रिकोण काढून बसलं. एकाच त्रिकोणावरून दोनदा फिरलं बिचारं. एकाच रस्त्याचं दोनदा डांबरीकरण मी कागदोपत्री पुष्कळ पाहिलंय, पण ते डोळ्यांदेखत होताना पाहायचा योग पहिलाच. मांजर कोनाच्या आत बसलेलं नसतं, ते रेघेवरून सरळ चाललेलं असतं. त्याला वळायचं असतं साठ अंशांतच. नातवाने आकडा बदलला आणि षट्कोन उमटला. मास्तरांचं उत्तर मात्र बरोबरच होतं. मांजराने प्रश्न वेगळा विचारला होता.

बरं, हे वेड या देशाला आजचं नाही. जुलै 1985 मध्ये निन्तेंडोने फॅमिली कॉम्प्युटरसाठी एक वीतभर यंत्रमानव काढला होता, गुनपेई योकोई यांच्या हाताखाली घडलेला. टीव्हीचा पडदा विशिष्ट तऱ्हेने लुकलुकायचा आणि ते लुकलुकणं म्हणजे हुकूम, असं तो आपल्या दुर्बिणीसारख्या डोळ्यांनी ओळखायचा. आजच्या सपाट टीव्हीपुढे तो ठार आंधळा आहे. त्याचे खेळ दोनच. त्यांतल्या 'ब्लॉक'मध्ये एक प्रकार असा की चकत्या उचलण्या-ठेवण्याच्या सगळ्या हुकमांची यादी आधीच करून द्यायची, आणि मग तो ती पार पाडत असताना गप्प बसायचं. तो पार पाडायचाही असा सावकाश, की बघणाऱ्याचा चहा निवावा. जपानात तो फारसा चालला नाही. अमेरिकेत मात्र त्याचा भलताच उपयोग झाला. तिथे 1983 मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार झोपला होता आणि दुकानदार त्या मालाचं नाव काढू देईनात. तेव्हा हा यंत्रमानव पुढे करून सांगण्यात आलं की हे तर खेळणं आहे! म्हणजे त्याची नेमणूक कामासाठी नव्हतीच मुळी, दर्शनी जागी बसण्यासाठी होती. अशी दोन-तीन पदं आमच्याकडेही मंजूर होती.

जावईबापूंच्या पिढीतल्या इथल्या पोरांनी डोकं फोडून घेतलं ते 'कार्नेज हार्ट'वर. आर्टडिंक कंपनीचा हा खेळ 1995 च्या डिसेंबरात आला. त्यात लढाऊ यंत्रमानव बांधायचा आणि त्याच्या मेंदूत हुकमांच्या चौकटी बसवायच्या : शत्रू समोर दिसतो का? दिसत असेल तर गोळी झाड, नसेल तर वळ. एकदा लढाई जुंपली की खेळणाऱ्याला बोटही लावता येत नाही. आपला वीर भिंतीला धडका देत राहिला तरी बघत बसायचं, कारण भिंत आडवी आली तर काय करायचं हे आपणच लिहिलेलं नसतं. आणि यासाठी लोकांनी पैसे मोजले! ज्यांना मोजायचे नाहीत त्यांच्यासाठी जेइटा या इथल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांच्या संघटनेचा 'अल्गोलॉजिक' आहे, तो फुकट. त्यातही यंत्रमानव, त्यातही हुकूम. वाटेतले झेंडे गोळा करायचे, इतकंच.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. न बोललेलं ओळखणं ही या देशात सभ्यतेची पहिली पायरी. जावईबापूंच्या कचेरीत ग्राहक म्हणतो, "जरा विचार करावा लागेल," आणि जावई घरी येऊन सांगतात, "नाही म्हणाले." आमचं घरही यात मागे नाही. आमची ही स्वयंपाकघरातून "अहो, ते जरा..." इतकंच म्हणते आणि मी उठून गॅस बंद करतो. कोणतं ते, किती जरा, हे ठरलेलंच असतं. तोइओचा ठोकळा तिथे जन्मभर उभा राहिला असता आणि दूध उतू गेलं असतं. अशा समजूतदार देशाने आपल्या पोरांना मात्र एक अक्षरही न समजून घेणाऱ्या यंत्राच्या शिकवणीला बसवावं, याला मी तरी धाडस म्हणतो.

त्याचे परिणाम घरात दिसू लागले आहेत. परवा मी नातवाला म्हणालो, "कचरा बाहेर ठेवून ये." इथे कचऱ्याचे वार ठरलेले, जळणाऱ्याचा वेगळा, न जळणाऱ्याचा वेगळा, बाटल्या-डब्यांचा आणखी वेगळा, आणि तोही सकाळी आठच्या आत ठेवायचा. चिरंजीव दारातच उभे. "कुठला? आणि आज त्याचा वार नसेल तर?" मी त्याच्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं, बाबा."

तेव्हा मायबाप सरकारला माझी एक विनंती आहे. आपल्याकडे नव्याने नेमणूक झालेल्या कारकुनांना आणि त्यांच्या साहेबांनाही प्रशिक्षण देतात, त्यात दर टेबलावर असा एकेक ठोकळा ठेवावा. कुठलंही परिपत्रक काढण्याआधी साहेबांनी त्यातला मजकूर कार्डांनी मांडून दाखवावा. ठोकळा पोचायचं तिथे पोचला तर परिपत्रक जावकात घालावं. जागचा हलला नाही तर साहेबांकडे परत पाठवावं. निवृत्तिवेतनधारकांना मात्र या चाचणीतून वगळावं.