चौथ्या फर्म्यातल्या कविता

हस्तलिखित न उघडताच "अप्रतिम!" म्हणणारा माणूस प्रत्येक कवीला एकदा तरी भेटावा. मला भेटला तो प्रकाशक. लगेच पुढे म्हणाला, "फक्त काय आहे सर, कवितेला हल्ली उठाव नाही. तुम्ही थोडं सहकार्य करायचं." सहकाराच्या महाराष्ट्रात जन्मून याला नाही कसं म्हणणार? भागभांडवल सगळं सभासदाचं, आणि सभासद मी एकटाच.

या धंद्याचं मला मनापासून कौतुक आहे. एरवी प्रकाशकाला वाचकाची मनधरणी करावी लागते. इथे ती कटकटच नाही. छापून व्हायच्या आधीच सगळी आवृत्ती विकली गेलेली असते. मला.

पानं लावताना फोन आला. "सर, चौथ्या फर्म्यात तीन पानं कोरी जातायत." फर्मा सोळा पानांचा, कागदाचे पैसे पुऱ्या फर्म्याचेच. "मागे आमच्या पुस्तकांची यादी टाकू, की तीन कविता देताय? पाचपर्यंत लागतील." दिल्या. एक पावसावर, एक आईवर, एक नुसतीच. प्रकाशन समारंभात अध्यक्षांना दीर्घ चिंतन आढळलं ते नेमकं याच तिघींत.

ओळखीच्या मंडळींनी प्रती हौसेने घेतल्या. "सही करून दे हं," असं म्हटलं की किमतीचा विषय आपोआप मिटतो.

अमेरिकन लेखक थोरोनेही पहिलं पुस्तक स्वतःच्याच पैशाने काढलं होतं, १८४९ साली. हजारांपैकी ७०६ प्रती चार वर्षांनी त्याच्या घरी परत आल्या. मित्र हे मला सांत्वन म्हणून ऐकवतात. मला मात्र त्या माणसाचा हेवा वाटतो. फुकट वाटलेल्या वगळूनही २१९ खपल्या की हो!

हिशेबाच्या कागदावर 'आयएसबीएन'चेही पैसे होते. म्हटलं, "हा नंबर सरकार फुकट देतं ना?"

"नंबर फुकटच आहे सर. हे मागण्याचे."

एक आधार मात्र पक्का आहे. १९५४च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यावीच लागते. म्हणजे देशात चार ठिकाणी तरी माझ्या कवितांना कुणी नाही म्हणू शकत नाही. शिवाय या प्रती प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायच्या, असं कायदाच सांगतो. मी खुशीत कागद उलटला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : चार पार्सलं, टपालखर्च, लेखकाकडून येणे.