रा. रा. किलोमीटरराव यांस अनावृत पत्र

रा. रा. किलोमीटरराव यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आयकर खात्याच्या लेखी आपण अस्तित्वातच नाही, हे आपल्याला अजून कोणी कळवलेले दिसत नाही. आपला इतरत्रचा रुबाब पाहता गैरसमज होणे साहजिक आहे. मुंबईत टॅक्सीचे भाडे आपल्याला विचारल्याशिवाय ठरत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीला पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये आणि पुढे आपल्या दर हजेरीला २० रुपये ६६ पैसे. हे दर बसवण्याचे सूत्र ठरवायला आधी हकीम समिती बसली, मग खटुआ समिती बसली. गाडीची किंमत, घसारा, इंधन, देखभाल सगळे आपल्या खांद्यावर वाटून झाले. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने तर जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासी बसण्याआधी ॲपवरची गाडी जे रिकामे अंतर तोडते त्याचीही दखल घेतली आणि त्याची भरपाई म्हणून मूळ भाडे किमान तीन किलोमीटरचे असावे असे सांगितले. एवढा मानमरातब घेऊन आपण चालकाबरोबर विवरणपत्र भरायला जाता आणि तिथे आपल्याला दारातच थांबवतात.

तिथला हिशेब फार सोपा आहे. स्वतःची गाडी चालवणारा छोटा व्यावसायिक अनुमानित उत्पन्नाची योजना घेतो. जुन्या कायद्यात हे कलम ४४ एडी होते. १९६१ चा कायदा गेला, २०२५ चा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण तत्त्व हलले नाही. वर्षाची जमा मोजायची, ऑनलाइन आलेल्या पैशाचे ६ टक्के आणि रोखीचे ८ टक्के हे उत्पन्न मानायचे, आणि उरलेले सगळे खर्चात गेले असे समजून वही मिटायची. गाडी ३० हजार किलोमीटर धावली की ८० हजार, हे कोणी विचारत नाही. मालवाहू ट्रकच्या बाबतीत तर खात्याने वैराग्यच पत्करले आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्या मालकाला लहान गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये आणि १२ टनांवरच्या गाडीमागे टनाला १,००० रुपये असे उत्पन्न धरता येते. अठ्ठावीस टनी ट्रक कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर महिनाभर उभा राहिला तरी २८,००० रुपये कमावतो आणि गुवाहाटीला जाऊन आला तरी तेवढेच. हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्याच्या डिझेलच्या पावत्यांत आपण डोकावता खरे, पण घसाऱ्यात नाही: भाड्याने चालणाऱ्या गाडीला सरसकट ३० टक्के, मग इंजिन कितीही झिजलेले असो. खात्याच्या मते गाडी कॅलेंडरावर चालते.

आता कोणीही म्हणेल, यात रडण्यासारखे काय आहे? शंभर रुपयांतले ९४ खर्चात धरणारे सरकार रोज कुठे भेटते? आक्षेप रास्त आहे, म्हणून आकडे मांडून पाहू. समजा, एका चालकाच्या ॲपवर वर्षाला ८ लाखांची भाडी जमा झाली. त्यातले १ लाख ६० हजार कंपनीने कमिशन म्हणून कापले. गाडी एकूण ५० हजार किलोमीटर चालली, त्यातले ३५ हजार प्रवाशासकट, बाकीचे रिकामे. सीएनजी, टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि गाडीची झीज धरून किलोमीटरला ८ रुपये पडले तर ४ लाख तिथे गेले. हातात राहिले २ लाख ४० हजार. विवरणपत्रात मात्र ४८ हजार. गंमत अशी की नव्या करप्रणालीत दोन्ही आकड्यांवर कर शून्यच, कारण पहिल्या चार लाखांना तो लागतच नाही आणि सवलत धरली तर व्यवसायाचे १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करातून सुटते. म्हणजे आपल्याला हिशेबातून वगळून चालकाचा एक पैसाही वाचलेला नाही. त्याच्या हाती आला तो स्वतःच गरीब असल्याचा सहीशिक्क्याचा दाखला.

हा दाखला कर खात्यात निरुपद्रवी असतो. बाहेर पडला की चावतो. गाडी जुनी झाली, नवीसाठी कर्ज हवे, बँक गेल्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, आणि महिना ४ हजार रुपये कमावणाऱ्याला आठ लाखांची गाडी कोण देईल? याहून वाईट प्रसंग अपघाताचा. चालक रस्त्यावर गेला तर भरपाई त्याच्या उत्पन्नावर ठरते, आणि विवरणपत्र हा उत्पन्नाचा भरवशाचा पुरावा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. मृताचे वय ३६ ते ४० असेल तर वार्षिक उत्पन्नाला १५ ने गुणतात. पुढची वजाबाकी-बेरीज बाजूला ठेवली तरी ४८ हजारांचे ७ लाख २० हजार होतात आणि २ लाख ४० हजारांचे ३६ लाख. कमाई याहून जास्त होती असे म्हणणाऱ्या कुटुंबाला त्या माणसाचीच सही दाखवली जाते.

यावर कायदेपंडितांचे उत्तर तयार असते: ६ टक्के ही किमान पातळी आहे, जास्त मिळाले असेल तर जास्त दाखवा, कलमातच तशी सोय आहे. अगदी खरे. पण किती जास्त? तो आकडा आपल्याशिवाय निघत नाही, किलोमीटरराव. आणि चालकाने ॲपवर दिसणारे भाड्याचे किलोमीटरच मोजले तर ३५ हजारांचा खर्च २ लाख ८० हजार धरून तो स्वतःला १ लाख २० हजारांनी अधिक श्रीमंत समजेल. रिकाम्या १५ हजार किलोमीटरांनीही गॅस खाल्ला आहे, टायर झिजवले आहेत. फक्त त्यांची पावती कोणी फाडत नाही.

आपल्या अमेरिकेतल्या भावकीला, मैलाला, हा अनुभव नाही. तिथे २०२५ साठी धंद्याच्या दर मैलाला ७० सेंट खर्च म्हणून वजा करता येतात आणि त्यातले ३३ सेंट घसाऱ्याचे आहेत असे सरकारच सांगते. चालक गाडी चालवतो तेव्हा ती थोडी थोडी विकतही असतो, ही गोष्ट त्या एका आकड्यात कबूल केलेली आहे. अर्थात तिथे सगळे गोड आहे असे नाही. स्वस्त जुनी गाडी असणाऱ्याला हा दर खऱ्या खर्चाहून जास्त पडतो आणि तोही कागदावर गरीब दिसतो. ब्रिटनने २०११ साली पहिल्या दहा हजार मैलांसाठी ४५ पेन्सचा दर ठरवला आणि पुढे डझनभर वर्षे, पेट्रोल कुठे का जाईना, त्याला हात लावला नाही. दर ठरवून झोपी जाणारे सरकार हे दर न ठरवणाऱ्या सरकारपेक्षा फार बरे नसते.

तरीही तसा एक दर आपल्याकडे हवा: गाडीच्या प्रकारानुसार, दरवर्षी जाहीर होणारा, आणि ऐच्छिक. ज्याला ६ टक्के बरे वाटतात त्याने तेच दाखवावेत. लबाडी होईल, लोक मीटर फिरवतील, बायको-मुलांना गावी नेलेले किलोमीटरही धंद्यात घालतील, हा आक्षेप येणारच. पण जिथे कर बहुधा शून्यच आहे तिथे खर्च फुगवून चालक मिळवणार काय? उलट तो स्वतःचे उत्पन्नच घटवेल. शिवाय टॅक्सीत सरकारनेच जागा दाखवणारे यंत्र सक्तीचे केले आहे, फिटनेसला गाडी जाते, आणि मालक-चालकाला भाड्यातला किमान ८० टक्के वाटा मिळावा असे सांगणारी तत्त्वेही रस्ते वाहतूक मंत्रालयाचीच आहेत. तेव्हा ॲप कंपन्यांनी वर्षअखेरीस चालकाला जमा आणि कमिशनबरोबर लॉगिन असतानाचे रिकामे अंतरही लेखी द्यावे, एवढी अट घालायला नवी समिती बसवण्याची गरज नाही. बसवलीच, तर प्रवासभत्ता आपल्यालाच विचारून ठरेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक करदाता