कानगणती

सकाळी उठल्या उठल्या आधी तळहात बघायचा, हा संस्कार भाऊंवर लहानपणीच झालेला आहे. आता तळहातावर फोन असतो, एवढाच फरक. फोनमध्ये एक आलेख असतो. त्याचा शेवटचा ठिपका कालच्यापेक्षा वर असला तर भाऊ स्वतः चहा टाकतात आणि वहिनींना अंथरुणात आणून देतात. खाली असला तर वहिनी उठून बघतील तेव्हा त्या घरात गॅस पेटतो.

भाऊंचा पॉडकास्ट आहे. विषय, सह्याद्रीतल्या गडांवरची खोदीव पाण्याची टाकी. दर शनिवारी एक भाग, पन्नास मिनिटांचा. असे अडतीस झाले. रेकॉर्डिंग बेडरूमच्या कपाटात होतं. दोन गोधड्या आणि वहिनींचे शालू यांच्यामध्ये भाऊ तोंड घालून बसतात, म्हणजे आवाज घुमत नाही. पैठणीइतका आवाज दुसरं कुठलंच कापड शोषत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. तरी चौथ्या भागात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि आठव्यात भंगारवाला.

डोंबिवलीत आमच्याच सोसायटीत असा माणूस आहे असं समजू नका. आता प्रत्येक सोसायटीत एक असतो. पूर्वी त्याच्या जागी कवी असायचा. जिन्यात गाठून कविता ऐकवायचा, पण एक होतं, श्रोते त्याच्या डोळ्यांसमोर असायचे. पळून गेले ते वजा, उरले ते श्रोते. सोपा हिशोब. भाऊंना ती सोय नाही. ते कपाटात बोलतात आणि ऐकणारा कुठेतरी भांडी घासत असतो, किंवा नसतोच.

मुळात ‘पॉडकास्टिंग’ हा शब्दच जन्माला आला तो प्रश्नचिन्ह घेऊन. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’मध्ये बेन हॅमर्स्ली या पत्रकारानं या नव्या प्रकाराला काय म्हणावं म्हणून दोन-तीन नावं सुचवली, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह टाकून. त्यातलं हे एक टिकलं. नावापुढचं प्रश्नचिन्ह गळालं आणि आकड्यापुढे जाऊन बसलं, ते अजून तिथेच आहे.

भाऊंना हे सगळं माहीत आहे, हीच खरी गंमत. आमची लिफ्ट सातव्या मजल्याला पोचायला जेवढा वेळ घेते तेवढ्यात त्यांनी मला डाउनलोडचं शास्त्र शिकवलंय. “डाउनलोड म्हणजे दारात पडलेला पेपर. तू तो वाचलास, की पोळ्यांच्या डब्यात घातलास, हे पेपरवाल्याला कळत नाही. त्याच्या लेखी पडला म्हणजे खपला.” मग नियम. अमेरिकेतल्या आयएबी टेक लॅबनं डिसेंबर २०१७ मध्ये मोजणीची जी पद्धत घालून दिली, ती भाऊंना रामरक्षेसारखी पाठ आहे. एकाच आयपी पत्त्यावरून, एकाच प्रकारच्या फोन-ॲपवरून चोवीस तासांत कितीही वेळा मागणी आली तरी मोजायची एकदाच. निदान एक मिनिट वाजेल एवढा तरी आवाज फोनवर उतरलेला हवा. यंत्रांनी केलेल्या मागण्या बाद.

या नियमांनी भाऊंवर घोर अन्याय केलेला आहे. सांगलीत त्यांचा भाचा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर राहतो. मामाच्या आज्ञेवरून त्यानं बारा मुलांना शिवनेरीचा भाग ऐकायला बसवलं. सगळ्यांचे फोन एकाच सेलमध्ये घेतलेले, एकाच कंपनीचे, ॲपही तेच आणि वायफाय हॉस्टेलचं. मोजणी झाली, एक. “चोवीस कान!” भाऊ त्या दिवशी जिन्यात उभे राहून म्हणाले, “चोवीस कानांचा एक आकडा!” मग मुलांना आपापल्या मोबाइल डेटावर ऐकण्याची विनंती गेली. तिथेही मोबाइल कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे दाटीवाटीनं बसवतात, हे नंतर कळलं. शिवाय मोबाइलवरून ऐकणारा सांगलीचा माणूस शहरांच्या यादीत सर्रास मुंबईकर होतो. उलट आपल्या सकाळच्या लोकलमधल्या एकाच माणसाचा पत्ता ठाण्यापर्यंत बदलला, तर तोच दोनदा मोजला जाऊ शकतो. त्याबद्दल भाऊंची तक्रार नाही.

शहरांच्या यादीचं एक वेगळंच प्रकरण झालं. तिसऱ्याच भागाला अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया इथून सहा डाउनलोड दिसले. भाऊ हरखले. तिथे नक्की मराठी मंडळ असणार, गणपती बसत असणार, म्हणून पाचव्या भागाच्या सुरुवातीला त्यांनी अ‍ॅशबर्नकरांना गुढीपाडव्याच्या शुभेच्छा दिल्या. माझा पुतण्या कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, तिथे डेटा सेंटरांचा गावभर पसारा आहे, अ‍ॅमेझॉनची यंत्रं तिथेच आहेत. ती यंत्रं इंटरनेटवरचं जे दिसेल ते ओढून घेतात, तुमचा भागही ओढला असेल. मोजणी कडक नसली की असे श्रोते यादीत घुसतात. भाऊ दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना समजलं की त्या भागात भारतीय कुटुंबंही भरपूर राहतात. तेव्हापासून अ‍ॅशबर्न हे गाव त्यांच्या लेखी संशयाचा फायदा मिळालेल्या आरोपीसारखं आहे. माझ्या पिढीला यात नवल वाटू नये. रेडिओवर रोज झुमरीतलैयाच्या लोकांची फर्माइश ऐकताना आम्हालाही वाटायचं, असं गाव खरंच असेल का? ते निघालं खरं, आणि पोस्टकार्डं लिहिणारी माणसंही खरी निघाली. अ‍ॅशबर्नही आहे. पोस्टकार्ड कोण लिहितंय, एवढंच कळत नाही.

भाऊंच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस मात्र मी डोळ्यांनी पाहिला. बझस्प्राउट नावाची एक होस्टिंग कंपनी स्वतःकडच्या पॉडकास्टांचे आकडे जाहीर करते. त्यात असं दिसतं की नव्या भागाला पहिल्या सात दिवसांत तीसेक डाउनलोड मिळाले, की तुम्ही वरच्या निम्म्यात. भाऊंचे होते एक्केचाळीस. “म्हणजे जगातले निम्मे पॉडकास्ट आपल्या खाली!” सोसायटीत पेढे वाटले गेले. वॉचमननं कारण विचारलं. भाऊंनी सांगितलं. त्यानं आणखी एक पेढा घेतला.

डाउनलोडनं भागेना, तेव्हा भाऊ ‘ऐकलं किती’ याच्या मागे लागले. अ‍ॅपलच्या पानावर ‘रमलेला श्रोता’ असा एक वर्ग आहे. एखाद्या भागाची वीस मिनिटं किंवा चाळीस टक्के ऐकले, की माणूस रमला असं धरतात. पन्नास मिनिटांच्या भागात दोन्ही एकाच ठिकाणी येतं. म्हणून भाऊ विसाव्या मिनिटापर्यंत फार जपून बोलतात आणि एकविसाव्याला मोकळे होतात. शिवाय तिथे कुठल्या मिनिटाला माणसं उठून गेली, त्याची रेघ दिसते. भाऊंची रेघ सातव्या मिनिटाला कड्यावरून कोसळते. सातव्या मिनिटाला ते सासऱ्यांचे आभार मानतात, कारण माइक त्यांनी दिला. आभार पंचविसाव्या मिनिटाला हलवून बघितले, कडा पंचविसाव्याला सरकला. सासऱ्यांना ही रेघ अजून दाखवलेली नाही.

मला आठवतो तो डोंबिवली स्टेशनच्या पुलावरचा प्रसंग. संध्याकाळची गर्दी, भाऊंच्या हातात मेथीच्या जुड्या. एक धोतर-टोपीतले गुरुजी समोरून आले, थबकले. “टाक्यांवर बोलता ते तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं. शिवनेरीच्या भागात गंगा-जमुना टाक्यांपाशी तुम्ही पायऱ्यांचा आकडा सांगितलात तो चुकलाय हो. मी चारदा उतरलोय तिथं.” ज्याच्यासाठी माणसानं अडतीस आठवडे कपाटात बसावं, तो श्रोता जिवंत, धडधाकट, समोर उभा. भाऊंचा चेहरा उजळला. म्हणाले, “कुठल्या ॲपवर ऐकता?”

गुरुजी गोंधळले. “नातू लावून देतो.”

“डाउनलोड करून, की स्ट्रीम?”

गुरुजींनी मेथीच्या जुड्यांकडे पाहिलं, “येतो,” म्हणाले आणि कल्याण लोकलच्या दिशेनं गेले. पायऱ्यांचा आकडा तसाच राहिला. भाऊंच्या आलेखात तो येत नाही.

आता माझं. त्या एक्केचाळीसांतला एक मी. पहिल्या भागाच्या वेळी भाऊंनी माझ्या आयफोनवर स्वतः ‘फॉलो’ दाबलं होतं. त्यानंतर दर शनिवारी भाग आपोआप उतरायचा आणि तसाच पडून राहायचा. मधून कधी चुकून सुरू व्हायचा, म्हणून फोनला मी जिवंत श्रोता वाटायचो. पण अ‍ॅपलचा एक नियम आहे. पंधरा दिवसांहून जास्त काळ आणि सलग पाच भाग तुम्ही हातच लावला नाहीत, तर ॲप उतरवणं थांबवतं. माझी ती वेळ भरली.

रविवारी भाऊ दारात. “एक गेला.”

मी घाबरून विचारलं, “कोण?”

“श्रोता. चाळीसच दिसताहेत. डोंबिवलीतला एक कमी, अ‍ॅपलवरचा एक कमी.” मग जरा थांबून, सहज विचारल्यासारखं, “तुझा फोन कुठला रे?”

मी फोन लुंगीच्या गाठीत सरकवला आणि पाणी आल्याचं निमित्त करून आत गेलो. रात्री बारा वाजता मात्र राहवेना. पूर्वी एक भाग ऐकायला घेतला की राहिलेले सगळे भाग ॲप आपणहून उतरवून घ्यायचं. २०२३ मध्ये आयओएस १७ आलं आणि ती सोय गेली. त्यामुळे एकही कान न गमावता पुष्कळ मोठमोठ्या पॉडकास्टांचे आकडे घसरले. तेव्हा अंधारात, चष्मा शोधून, एकेका भागापुढचा बाण दाबत मी पाच भाग उतरवले. मग झोपलो.

सकाळी सहाला बेल. भाऊ, हातात चहाचे दोन कप.

“परत आला! रात्री बाराच्या सुमाराला पाच जुने भाग, सगळे डोंबिवलीतून, दहा मिनिटांत!” मग त्यांच्यातला हिशोबी माणूस जागा झाला. कपाळावर आठी पडली. “पन्नास-पन्नास मिनिटांचे पाच… दहा मिनिटांत कसे ऐकले असतील?”

“दुप्पट वेगानं ऐकत असेल,” मी म्हटलं.

भाऊंनी क्षणभर विचार केला आणि कप माझ्या हातात दिला. साखर दोन चमचे जास्त होती.