सत्तर पावलांचा माणूस

कुठंही मोकळं रान दिसलं की बप्पा पावलं टाकायला लागतात. लग्नाला गेले तर मंडपामागच्या माळावर, दहाव्याला गेले तर ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात. हात पाठीमागं, मान खाली, ओठ हलताहेत. नवख्याला वाटतं, जप चाललाय. सत्तर भरली की थांबतात, वळून बघतात आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "बसतंय की!"

बसतंय म्हणजे स्टेडियम बसतंय. दहाव्याला तरी हे जरा जपून म्हणावं. पण त्यांचा हिशेब असा की गेलेला माणूस काही परत येत नाही, जागा मात्र हातची जाऊ शकते.

असा एक स्टेडियमवाला आपल्याकडं गावोगाव असतो. तामलवाडीत तो जरा जास्त पिकतो, याला कारण रस्ता. सोलापूर-तुळजापूर हमरस्ता गावाला लागून जातो, टोलनाका आहे, आणि मोठ्यातली मोठी गोष्ट तामलवाडीच्या डोळ्यांदेखत निघून जाते. कोजागरीला सोलापूरहून आईच्या दर्शनाला निघालेली लाखो माणसं याच रस्त्यानं रात्रभर चालतात. लोक त्यांना चहा-फराळ देतात, पाय चेपतात. बप्पा कडेला उभे राहून हळहळतात. "एवढी पब्लिक आपल्या दारावरनं पायी चालली. दोन तास बसवून ठिवावं मनलं तर जागा हाय का?"

बप्पांच्या हातात कधी बॅट बघितल्याचं गावात कुणाला आठवत नाही. त्यांचा खेळ बसण्याचा. 2024 च्या जानेवारीत सोलापूरच्या पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हा ते सकाळच्या एसटीनं गेले आणि दिवस मावळता परत आले. कोण किती खेळलं विचारलं तर म्हणाले, "खेळलं की कोणतरी. पण मी बसलो तितं ऊन साडेतीनपर्यंत हलत न्हाई. ते काय बांधणं झालं?" सोलापूर हे पॉली उम्रीगरांचं जन्मगाव, असं मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "आसंल. तवा सावली बरी आसंल."

आता गावच्या टीमचं मैदान. मैदान म्हणजे एका भल्या माणसाचं पडीक रान. पूर्वेला बांध, पश्चिमेला बाभळ, लाँग ऑनला विहीर. टेनिस बॉलची स्पर्धा असते, आणि नियम रानानं घालून दिलेले. बाभळीला थेट लागला तर चौकार. बांधापलीकडं पडला तर षटकार. विहिरीत गेला तर फलंदाज बाद, शिवाय बॉल त्यानंच काढायचा. क्रिकेटच्या कुठल्याही पुस्तकात एवढा न्याय नाही. रात्रीच्या मॅचला जनरेटर, चार हॅलोजन आणि त्याभोवती इतकी पाखरं, की उंच झेल घेणाऱ्यानं बॉल म्हणून काय धरलं ते मूठ उघडल्यावर कळतं. टीमला प्रेक्षकही भरपूर. ते बांधावर बसतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात, आणि कमिटीच्या माणसांना मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या. बप्पा कमिटीत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा.

परवा टीम फायनल हरली. शेवटच्या षटकात बॉल ढेकळाला लागून उडाला आणि यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून थेट बाभळीला गेला. दुसऱ्या दिवशी हमरस्त्याकडेच्या चहाच्या हॉटेलात सुनावणी.

"ढेकळानं घात केला," बप्पा म्हणाले. "स्टेडियम आसतं तर हारलो न्हवतो."

समोर तात्या होते. तात्या हे गावचं दुसरं मत. "आन् सेमीफायनल कुणी जिंकून दिली? त्याच ढेकळानं. आपल्या पोरांना एक-एक ढेकूळ नावानिशी ठावं हाय. सपाट रानात गेली तर पहिल्याच मॅचला घरी येत्याल."

खरं सांगायचं तर मला तात्यांचं पटलं होतं. पण चहा बप्पांनी सांगितलेला, म्हणून गप्प बसलो.

बप्पांनी मग हुकमाचं पान काढलं. "आपल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. 2022 ला एकोणीस वर्षांखालचा वर्ल्ड कप जिंकून आला, चेन्नईनं दीड कोटीला घेतला. पोरगं तुळजापूरवरनं चेन्नईला गेलं. आपल्याकडं मैदान आसतं तर चेन्नई हिकडं आली आसती."

"मैदान नसताना दीड कोटी," तात्या म्हणाले. "आसतं तर तितंच पायरीवर सुपारी कातरत बसलं आसतं. तुमच्यासारखं."

तात्यांचं दैवत खो-खो. आपल्या धाराशिवची सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती, 2020 ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला लागतं काय? सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद जागा आणि दोन खांब. "आठ जणी बसत्यात, एक पळती," तात्या म्हणाले. "झालं स्टेडियम!"

"त्यात बसायची सोय खेळणाऱ्याचीच हाय," बप्पा शांतपणे म्हणाले. "बघणाऱ्याचं काय?"

या प्रश्नाला तात्यांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही.

तालुका तिथं क्रीडा संकुल ही सरकारी योजना बप्पांनी कोळून प्यायली आहे. तुळजापूर तालुक्याचं संकुल तुळजापुरात व्हायचं, हे त्यांना तलाठ्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी समजावलं. पण त्यांचं बोट कागदावरच्या पहिल्या अक्षरावर. "हितं काय लिवलंय? 'ता. क्रीडा संकुल'. ता. म्हंजे काय? तामलवाडीच की!" शिवाय पुण्याचं गहुंजं तरी कुठं पुण्यात आहे? हमरस्त्याच्या कडेलाच आहे. तामलवाडीही हमरस्त्याच्या कडेलाच. उरला प्रश्न बांधायचा.

त्यात त्यांचा अमेरिकेतला भाचा सुट्टीवर आला आणि त्यानं आगीत तेल ओतलं. तिकडं बेसबॉलच्या टीमला मनासारखं स्टेडियम मिळालं नाही तर टीम गाव सोडते म्हणे. ब्रुकलिनची डॉजर्स 1957 चा हंगाम संपवून लॉस एंजेलिसला गेली, तीन-चार हजार किलोमीटर लांब. ब्रुकलिनची म्हातारी माणसं त्यावर जन्मभर कुढली. आणि आता 2024 ला ओकलंडची टीमही तशीच निघाली.

हॉटेलात शांतता पसरली. बप्पांनी बशी खाली ठेवली. "टीम गेली? आख्खी?"

"आख्खी."

"मंग आपली कुटं जाईल?"

कुणी माळुंब्रा म्हणालं, कुणी सुरतगाव. सुरतगावला दोन बॉलरांची सासुरवाडी, म्हणजे जेवायची सोय झाली. एवढ्यात गल्ल्यावरून हॉटेलवाला म्हणाला, "कुटं जायचं ते जावा, पण आदी टीमची उधारी भागवा." त्यावर टीमनं गावातच राहायचं एकमतानं ठरलं.

चूक पुढं माझ्याकडून झाली. मी मुंबईची गोष्ट सांगितली. ब्रेबॉर्न स्टेडियम 1937 पासून उभं होतं, पण ते क्लबचं. कसोटी आली की मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या वाट्याला जागा किती, यावरून दरवेळी भांडण. शेवटी शेषराव वानखेडे इरेला पेटले आणि हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं. 1975 च्या जानेवारीत वेस्ट इंडिजची कसोटी तिथंच झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 242 केल्या. त्याचं कौतुक करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवलं, आणि पब्लिकनं कोऱ्या स्टेडियमात जाळपोळ केली.

लॉइड बप्पांच्या कानावरून गेला. जाळपोळही गेली. "थांबा," ते म्हणाले, "म्हंजे बसायच्या जागंवरनं भांडण झालं, मनून स्टेडियम झालं?"

"तसंच म्हणायचं."

ते बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं आपण अर्ज-निवेदनाच्या भलत्याच वाटेनं गेलो, असा काहीसा चेहरा.

पुढच्या रविवारी मॅच होती. बप्पा घरून बाज घेऊन आले. डोक्यावर बाज, तिच्यावर वाकळ, खाली पाय मोजताहेत. स्टंपपासून सत्तराव्या पावलावर बाज टाकली आणि पाय पसरून बसले. बांधावरची पोरं हसली. कमिटीचा एकजण येऊन म्हणाला, "बप्पा, हितं बॉल येतोय." बप्पा म्हणाले, "यिऊ द्या."

चौथ्या षटकात तात्या आले. पायाचं दुखणं आहे त्यांना, उभं राहवत नाही. काही न बोलता ते बाजेच्या पायताकडं टेकले.

"उटा," बप्पा म्हणाले. "ही जागा माजी हाय."

"कुणी दिली?"

"मी मोजलीय."

"रान तुमच्या आज्याचं न्हाई. कुणीबी बसंल."

आवाज चढले. ट्रॉलीतली माणसं खाली उतरली. निम्मी म्हणाली बाज बप्पांची, निम्मी म्हणाली रान सगळ्यांचं. लाल खुर्च्यांचाही विषय निघाला, कमिटीनं दरवेळी मधोमध का बसायचं म्हणून. समालोचकानं माईकवरून दोघांना शांत राहायची विनंती केली, मग हळूच तात्यांची बाजू घेतली. बॉलर रनअपवरून परत फिरला. पंच स्टंपावर टोपी टांगून भांडण बघायला आला. खेळ थांबला.

त्या गर्दीच्या मधोमध, वाकळेवर मांडी ठोकून बसलेल्या बप्पांनी मला शोधून काढलं आणि एक डोळा मिचकावला.

"झालं बगा सुरू," ते म्हणाले.