दोन दिवसांचे तात्या

गावाहून येणारा चुलता मुंबईत कायम दोनच दिवसांसाठी येतो. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या त्या नव्या जोडप्याकडे तात्या आले तेही तसेच. म्हाडात जायचं, गिरणी कामगारांच्या घराचा कागद द्यायचा आणि रात्रीची एसटी धरायची. हे शिमग्यानंतरचं. आता दहीहंडी होऊन गेली.

पुतण्या दिवसभर बाईकवरून पार्सलं पोचवतो. सूनबाई परळच्या मॉलमध्ये काउंटरला दहा तास उभी. संध्याकाळी दोघं १६० चौरस फुटांत परततात, तर खाटेवर तात्या. खोली लहान आहे, हे त्यांना पटतच नाही. १९८२च्या संपाआधी तात्या साच्यावर होते. गाळ्यात बाराजण; पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा. त्या हिशेबाने तीन माणसांची खोली म्हणजे शिवाजी पार्क.

गिरण्यांचे भोंगे बंद पडले, तात्यांचा नाही. पाचला उठून ते खाकरतात आणि अख्खा मजला जागा होतो. मग सूनबाईच्या डब्याचं झाकण उघडून भाजीत मीठ किती ते बघतात. फोन वाजला की आधी "कुणाचा?", उचलल्यावर "काय म्हणतो?", ठेवल्यावर "एवढा वेळ?" नवराबायको झोपतात पोटमाळ्यावर. तिथे कुजबूज झाली की खालून प्रश्न येतो, "पंखा वाढवू का रे?" दोघं गप्प होतात. पंखा मात्र वाढतो.

एका रविवारी दोघं हळूच निघाली. "तात्या, जरा चौपाटीला जाऊन येतो."

"थांबा, चप्पल घालतो."

दादरला तात्या दोघांच्या मधोमध बसले. कडेला वारा लागतो म्हणे. भेळेचे पैसे मात्र त्यांनी दिले.

खरी पंचाईत इथेच आहे. माणूस फुकटखाऊ असता तर भांडता आलं असतं. पण तात्या दळण आणतात, सिलिंडर वर चढवतात, आणि शेजारीण सूनबाईला एक शब्द बोलली तर दारात उभं राहून तिला दहा ऐकवतात. शिवाय पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, हे त्यांना पुतण्याआधी ठाऊक. त्यातली खिडकीजवळची जागा त्यांनी स्वतःसाठी धरूनही ठेवली आहे.

अखेर सूनबाईने धीर केला. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तात्या, पुढच्या आठवड्यात माझे आईबाबा येतायत राहायला. जागेची जरा अडचण..."

तात्यांचा चेहरा उजळला. "येऊ दे की! व्याह्यांशी नीट बोलणंच झालं नाही अजून." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "पाचजण ना? पाळ्या लावू. अडचण कसली त्यात!"